तिसऱ्या इंजिनाचा हिशेब

व्यापाराच्या पानावर आज आम्ही विमानांविषयी लिहीत आहोत. कापडाच्या व्यापाऱ्याने विमानात कशाला लक्ष घालावे, असा प्रश्न वाचकांना पडेल. त्याचे उत्तर असे की, विमान बनवून विकणे हाही एक धंदाच आहे. त्यातही भांडवल अडकते, व्याज चढते, गिऱ्हाईक रुसते आणि उशिरा आलेला माल पडून राहतो. फरक एवढाच की, आपल्याकडे हिशेब चुकला तर एक दुकान बसते, तिथे चुकला तर मोठमोठ्या कंपन्या बसतात. त्या धंद्यातली तीन इंजिनांच्या प्रवासी जेट विमानांची हकिकत नांदेड-लातूरच्या व्यापाऱ्यानेही नीट समजून घ्यावी अशी आहे.

ही विमाने मराठवाड्याला अगदी परकी नव्हती. १९७० आणि १९८० च्या दशकांत आपल्या भागातली माणसे नोकरीसाठी आखातात जाऊ लागली, हाजी लोकही हळूहळू जहाज सोडून विमानाकडे वळले. मुंबई-जिद्दा हा हजचा सागरी मार्ग तर १९९५ मध्ये कायमचा बंद झाला. त्या काळी लातूरहून बार्शी लाईनच्या छोट्या गाडीने कुर्डुवाडी, नांदेडहून मीटरगेजने मनमाड, आणि तिथे गाडी बदलून मुंबई गाठावी लागे. सौदी अरेबियाची सौदिया आणि आखातातली गल्फ एअर या दोन्ही कंपन्यांकडे लॉकहीड कंपनीची ट्रायस्टार विमाने होती व ती मुंबईला येत. दोन इंजिने पंखांखाली आणि तिसरे शेपटीच्या मुळाशी, अशी त्यांची ठेवण. पहिल्यांदाच विमानात बसणाऱ्याला ते तिसरे इंजिन पाहून धीर येत असे. दोन बंद पडली तरी एक आहे, असा साधा विचार.

आज कोणत्याही मोठ्या प्रवासी कंपनीच्या ताफ्यात असे विमान उरलेले नाही. ते का आले, का गेले आणि जाताना कोणाला बुडवून गेले, हे पाहू.

नियमातून जन्मलेले इंजिन

तिसरे इंजिन कोणाच्या हौसेतून आलेले नाही. ते एका नियमातून आले. जुन्या पंख्याच्या विमानांची इंजिने वाटेत वरचेवर बंद पडत. म्हणून अमेरिकेने १९५३ मध्ये नियम केला की, दोन इंजिनांच्या विमानाने, एक इंजिन बंद पडल्यास उरलेल्या एकावर ६० मिनिटांत कुठल्या तरी विमानतळावर पोचता येईल, एवढ्याच अंतरात राहून उडावे. समुद्र किंवा मोठे वाळवंट ओलांडायचे तर लांबचा वळसा घ्या, नाहीतर चार इंजिनांचे विमान आणा. चार इंजिने म्हणजे इंधन जास्त, दुरुस्ती जास्त आणि तिकीटही महाग. १९६४ मध्ये तीन इंजिनांच्या विमानांना या नियमातून सूट मिळाली. दोनाची काटकसर आणि चाराची मोकळीक यांच्या मधला हा रस्ता होता.

बोईंग कंपनीचे ७२७ विमान हे याच तडजोडीचे फळ. अमेरिकेतल्या तीन मोठ्या गिऱ्हाइकांच्या तीन मागण्या होत्या. युनायटेड कंपनीचे मोठे ठाणे डेन्व्हरला. ते शहर उंचावर, तिथली हवा विरळ, म्हणून त्यांना चार इंजिने हवी होती. अमेरिकन एअरलाइन्सला खर्च कमी करायचा होता, म्हणून दोन हवी होती. ईस्टर्न कंपनीची विमाने कॅरिबियन समुद्रावरून जात, म्हणून तिला तीन हवी होती. बोईंगने तिन्ही इंजिने शेपटीकडे बसवली आणि आखूड धावपट्टीवरही उतरता येईल असे पंख दिले. ९ फेब्रुवारी १९६३ रोजी हे विमान पहिल्यांदा उडाले, १९६४ मध्ये प्रवासी घेऊ लागले आणि १९८४ पर्यंत १,८३२ विमाने तयार झाली. हजाराच्या वर खपलेले हे पहिले जेट प्रवासी विमान.

पण पहिला नंबर बोईंगचा नव्हता. इंग्लंडचे ट्रायडंट हे तीन इंजिनांचे विमान ९ जानेवारी १९६२ रोजी, म्हणजे वर्षभर आधी उडाले होते. तरीही ते फक्त ११७ खपले. कारण ऐकण्यासारखे आहे. ब्रिटिश युरोपियन एअरवेज या एकाच बड्या गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून कारखान्याने विमान मूळ आराखड्यापेक्षा लहान केले. पुढे बाजाराला मोठे विमान हवे झाले, तेव्हा हे अपुरे पडले. एकाच्या मापाने बेतलेला कपडा दुसऱ्याच्या अंगाला बसत नाही, हे आपल्या धंद्यात लहान पोरालाही कळते. बोईंगने तीन गिऱ्हाइकांचे ऐकून सगळ्यांना चालेल असे माप काढले.

एकाच गल्लीत दोन दुकाने

यापुढचा भाग व्यापाऱ्यांनी लक्ष देऊन वाचावा. १९६६ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या फ्रँक कोल्क नावाच्या अभियंत्याने कारखानदारांपुढे मागणी ठेवली की, सुमारे अडीचशे प्रवासी नेणारे, रुंद पोटाचे, दोन इंजिनांचे विमान बनवा. होय, दोन इंजिनांचे. पण इतर कंपन्यांना लांबचा पल्ला हवा होता, उंचावरच्या आणि गरम हवेतल्या विमानतळांची काळजी होती, त्यामुळे आराखड्यात तिसरे इंजिन शिरले.

मग दोन कारखाने एकाच वेळी एकच माल बनवू लागले. मॅकडोनेल डग्लसने डीसी-१० काढले, लॉकहीडने एल-१०११ ट्रायस्टार काढले. प्रवासी तेवढेच, इंजिने तीनच, पल्लाही साधारण सारखा. गिऱ्हाईकही तेच, म्हणजे अमेरिकेतल्या मोजक्या मोठ्या कंपन्या. एका दुकानाला पुरेल एवढ्या गिऱ्हाइकीवर दोघांनी दुकाने थाटली. भाव पाडणे आणि घाई करणे या दोनच गोष्टी मग हातात राहतात. दोघांनी दोन्ही केल्या.

डीसी-१० ऑगस्ट १९७० मध्ये उडाले आणि वर्षभरात प्रवासी सेवेत आले. ट्रायस्टार नोव्हेंबर १९७० मध्ये उडाले खरे, पण त्याचे इंजिन बनवणारी इंग्लंडची रोल्स-रॉईस कंपनी ४ फेब्रुवारी १९७१ रोजी दिवाळखोरीत गेली. नव्या इंजिनावर ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त खर्च झाला होता. ब्रिटिश सरकारने ती कंपनी ताब्यात घेतली. इकडे लॉकहीडला वाचवण्यासाठी अमेरिकन सरकारला २५ कोटी डॉलरच्या कर्जाला हमी द्यावी लागली. ती हमी सिनेटमध्ये ४९ विरुद्ध ४८ अशा एका मताने मंजूर झाली. एवढ्या मोठ्या कारखान्याचे नशीब एका मतावर टांगले होते, कारण त्याने सगळा माल एकाच इंजिनवाल्यावर सोपवला होता.

ट्रायस्टार शेवटी एप्रिल १९७२ मध्ये सेवेत आले. जाणकारांच्या मते दोघांत तेच उजवे. दाट धुक्यात आपोआप उतरण्याची त्याची व्यवस्था त्या काळात पहिल्या प्रतीची होती. मे १९७२ मध्ये त्याने अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळून वॉशिंग्टनपर्यंत उड्डाणापासून उतरण्यापर्यंत आपोआप प्रवास करून दाखवला. माल उत्तम होता, पण ईद उलटल्यावर दुकानात आला होता. ज्यांना घ्यायचे त्यांनी दुसरीकडून घेतले होते. त्यातच १९७३ च्या तेलसंकटात कच्च्या तेलाचे भाव काही महिन्यांत जवळपास चौपट झाले आणि कंपन्यांनी नव्या विमानांची खरेदी आखडती घेतली.

खपत नसलेला माल विकण्यासाठी माणूस वाकडा रस्ता धरतो, तेही इथे झाले. जपानमध्ये ट्रायस्टार विकण्यासाठी लाच दिल्याचे १९७६ मध्ये उघड झाले. माजी पंतप्रधान काकुएई तनाका यांना अटक झाली आणि १९८३ मध्ये टोकियोच्या न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले. भांडवल निघण्यासाठी लॉकहीडला सुमारे ५०० विमाने विकायला हवी होती. विकली गेली २५०. १९८१ मध्ये लॉकहीडने हा धंदा आवरत असल्याचे जाहीर केले आणि पुन्हा प्रवासी विमान कधीच बनवले नाही. डीसी-१० चा आकडा ४४६, त्यातली ६० तर अमेरिकन हवाई दलाची इंधनवाहू विमाने. जिंकणाऱ्यालाही फारसे काही मिळाले नाही.

आणि मूळ मागणी? तशाच बेताचे, रुंद पोटाचे, दोन इंजिनांचे विमान युरोपातल्या कारखान्यांनी एकत्र येऊन बनवले. त्याचे नाव एअरबस ए-३००. ते ऑक्टोबर १९७२ मध्ये उडाले. सुरुवातीला त्याला कोणी विचारत नव्हते.

घाईची किंमत

जून १९७२ मध्ये कॅनडाच्या विंडसर गावावर एका डीसी-१० च्या सामानकक्षाचे दार हवेत उघडले. वैमानिकाच्या कौशल्याने सगळे वाचले. दाराच्या कडीत दोष आहे हे त्याच दिवशी कळले. पण सक्तीचा हुकूम काढण्याऐवजी सरकारी खाते आणि कारखाना यांनी आपसात तोंडी समजूत केली. पुढे ३ मार्च १९७४ रोजी पॅरिसजवळ तुर्कस्तानच्या डीसी-१० चे तेच दार उघडले, विमानाची जमीन खचली, वैमानिकाच्या हातातल्या तारा तुटल्या आणि ३४६ माणसे मेली. २५ मे १९७९ रोजी शिकागोला उड्डाण करतानाच एका डीसी-१० चे डावे इंजिन निखळून पडले. विमानातले २७१ आणि जमिनीवरचे २ जण मेले. इंजिन उतरवताना वेळ वाचवण्यासाठी धरलेली पद्धत चुकीची होती. त्यामुळे इंजिनाच्या आधाराला तडा गेला होता. अमेरिकेने सगळी डीसी-१० विमाने महिन्याहून अधिक काळ जमिनीवर उभी केली.

ट्रायस्टारचीही एक दुःखद आठवण आहे. १९ ऑगस्ट १९८० रोजी कराचीहून निघून रियाधमार्गे जिद्दाला जाणाऱ्या सौदियाच्या ट्रायस्टारमध्ये रियाध सोडताच आग लागली. विमान परत फिरले, सुखरूप उतरलेही, पण थांबायला आणि दारे उघडायला उशीर झाला. ३०१ पैकी एकही जीव वाचला नाही. तिन्ही इंजिने असूनही जीव वाचवायचा तो माणसाच्या वेळेवर घेतलेल्या निर्णयानेच, हे त्या दिवशी दिसले.

यापेक्षाही मोठा धडा १९ जुलै १९८९ चा आहे. अमेरिकेत युनायटेडच्या डीसी-१० चे शेपटीतले इंजिन हवेत फुटले. तसे पाहिले तर दोन इंजिने शाबूत होती. पण विमान वळवण्याची, चढवण्या-उतरवण्याची यंत्रणा तेलाच्या दाबावर चालते. त्या तेलाच्या तीन वेगवेगळ्या व्यवस्था होत्या, एक गेली तर दुसरी, दुसरी गेली तर तिसरी. मात्र तिन्हींच्या नळ्या शेपटीत त्याच इंजिनाजवळून जात होत्या. फुटलेल्या तुकड्यांनी तिन्ही एकदम कापल्या. वैमानिकांनी उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमी-जास्त करून विमान सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणले. २९६ पैकी ११२ जण गेले, १८४ वाचले. कागदावर तीन आधार होते. जागेवर पाहिले तर तो एकच होता.

आपल्या देशाने काय केले

आपल्या देशातल्या विमान कंपन्यांनी तीन इंजिनांचे विमान विकत घेतले नाही. इंडियन एअरलाइन्सने १९७० मध्ये दोन इंजिनांचे बोईंग ७३७ आणले आणि १९७६ मध्ये त्याच एअरबस ए-३०० ची विमाने घेतली, ज्याला तेव्हा जगात फारशी गिऱ्हाईके नव्हती. हिशेब साधा होता. देशातल्या देशात उडताना मुंबई, नागपूर, हैदराबाद, दिल्ली, असे कुठले ना कुठले विमानतळ तासाभराच्या आत सापडतेच. मग तिसऱ्या इंजिनाचे ओझे कशाला वाहायचे? एअर इंडियाने समुद्रापलीकडच्या लांब प्रवासासाठी चार इंजिनांचे ७०७ आणि १९७१ पासून ७४७ ठेवले. पुढे आखातासारख्या मध्यम पल्ल्यासाठी १९८२ मध्ये ए-३०० आणि १९८६ मध्ये ए-३१० ही दोन इंजिनांची विमाने घेतली. १९९० च्या दशकात काही काळ भाड्याची ट्रायस्टार विमाने चालवली, तेवढेच.

भाड्याच्या विमानाची एक गोष्ट मराठवाड्यातल्या लोकांच्या लक्षात राहण्यासारखी आहे, कारण ते विमान हैदराबादहून निघाले होते. नांदेडच्या माणसाला त्या काळी दिल्लीला उडून जायचे तर बेगमपेठचे विमानतळ सोयीचे होते. डिसेंबर १९९२ मध्ये इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांचा संप झाला. कंपनीने उझबेकिस्तानहून वैमानिकांसह टुपोलेव्ह-१५४ ही रशियन बनावटीची विमाने भाड्याने आणली. यांची तिन्ही इंजिने शेपटीला. ९ जानेवारी १९९३ रोजी हैदराबादहून दिल्लीला गेलेले असे एक विमान दाट धुक्यात धावपट्टी चुकून बाजूला उतरले, मोडले, उलटे झाले आणि पेटले. आत दीडशेहून अधिक माणसे होती. अल्लाहच्या कृपेने सगळी जिवंत बाहेर आली. या अपघातात इंजिनांचा दोष नव्हता. धुक्यात धावपट्टी सापडली नाही, तर इंजिने तीन असोत की चार, काही उपयोग नाही.

नियम बदलला आणि हिशेबही

दरम्यान जेट इंजिने फार भरवशाची झाली होती. ज्या भीतीपोटी १९५३ चा नियम झाला, ती भीती जुन्या इंजिनांची होती. १ फेब्रुवारी १९८५ रोजी टीडब्ल्यूए कंपनीचे दोन इंजिनांचे बोईंग ७६७ बोस्टनहून पॅरिसला अटलांटिक समुद्रावरून गेले. त्याला ६० ऐवजी १२० मिनिटांची परवानगी मिळाली होती. काही वर्षांत ती १८० मिनिटे झाली.

ही परवानगी कोणालाही सरसकट मिळाली नाही, हे ध्यानात ठेवावे. कारखान्याला आपले इंजिन हवेत किती वेळा बंद पडते याची नोंद दाखवावी लागली, विमान कंपनीला आपल्या दुरुस्तीची शिस्त दाखवावी लागली. त्यातला एक नियम आम्हाला फार आवडला. एकाच कारागिराने एकाच वेळी दोन्ही इंजिनांचे काम करायचे नाही. त्याच्या हातून चूक झाली तर ती एकाच इंजिनात राहावी, दोन्हींत जाऊ नये.

आता खर्च पाहा. ट्रायस्टारच्या एका इंजिनाचा जोर सुमारे ४२ हजार पौंड, तिन्हींचा मिळून १ लाख २६ हजार. १९९५ मध्ये सेवेत आलेल्या बोईंग ७७७ च्या एका इंजिनाचा जोर सुमारे ७७ हजार पौंड, दोघांचा मिळून १ लाख ५४ हजार. म्हणजे एक इंजिन कमी आणि जोर जास्त. तिसऱ्या इंजिनाची खरेदी नाही, सुटे भाग नाहीत, त्याचे इंधन नाही. शेपटीतले इंजिन जमिनीपासून फार उंचावर असते, त्याच्या दुरुस्तीसाठी उंच माचाण लागते. तोही खर्च गेला. ट्रायस्टार, डीसी-१० आणि ७२७ मध्ये दोन वैमानिकांच्या मागे इंजिनांवर नजर ठेवणारा तिसरा माणूस बसत असे. नव्या विमानांत त्याचे काम यंत्राने घेतले, त्याचा पगारही वाचला. एका उड्डाणात हे थोडे वाटते, पण वीस वर्षांच्या हजारो उड्डाणांचा हिशेब केला की गिऱ्हाईक कुठे वळणार हे उघड होते.

तरीही मॅकडोनेल डग्लसने आणखी एक डाव टाकला. डीसी-१० लांबवून आणि सुधारून एमडी-११ बनवले. ते जानेवारी १९९० मध्ये उडाले. पण सांगितलेला पल्ला त्याने गाठला नाही आणि इंधनही जास्त खाल्ले. सिंगापूर एअरलाइन्सने १९९१ मध्ये आपली २० विमानांची मागणी रद्द केली. बोली केलेल्या वाणाचा माल न निघाल्यावर तागे परत येतात, तसेच हे. एकूण २०० विमानांवर उत्पादन थांबले. त्याआधीच, १९९७ मध्ये, कंपनी बोईंगमध्ये विलीन झाली होती.

मग ही विमाने एकामागून एक मागे सरली. सौदियाने १९९८ मध्ये ट्रायस्टार काढली. बांगलादेशच्या बिमान कंपनीच्या डीसी-१० ने फेब्रुवारी २०१४ मध्ये शेवटचे प्रवासी नेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हॉलंडच्या केएलएमने एमडी-११ थांबवले. ७२७ ची शेवटची नियमित प्रवासी फेरी जानेवारी २०१९ मध्ये इराणात झाली. त्यानंतर काही विमाने फक्त माल वाहत होती. ४ नोव्हेंबर २०२५ रोजी अमेरिकेत लुईव्हिलला उड्डाण करताना एका मालवाहू एमडी-११ चे डावे इंजिन निखळले. तिघे वैमानिक आणि जमिनीवरची माणसे मेली. अमेरिकेने पुन्हा ही विमाने उभी केली. शिकागोच्या १९७९ च्या अपघाताची आठवण सगळ्यांनाच झाली.

आपल्या बाजारातले तिसरे इंजिन

आता आपल्या दुकानाकडे वळू. नांदेड आणि लातूरच्या कापड बाजारातही तिसरे इंजिन होते, आणि पुष्कळ ठिकाणी अजून आहे.

जुन्या काळी मुंबईहून निघालेली गाठ मोठ्या गाडीने मनमाडला यायची. तिथे ती उतरवून मीटरगेजच्या डब्यात चढवली जायची. हमाली दुप्पट, गाठ फाटण्याचा धोका आणि मध्ये जाणारे दिवस वेगळे. ट्रंक कॉल लागायला दिवस जायचा. अशा वेळी लग्नसराई किंवा ईद-दिवाळीच्या आधी दोन-तीन महिन्यांचा माल गोदामात भरून ठेवणे हा शहाणपणा होता. तो वाडवडिलांनी केला आणि त्यांचे बरोबरच होते. ६० मिनिटांच्या नियमासारखाच तो त्या काळाचा नियम होता.

१९९० च्या दशकात मनमाडकडून नांदेडकडे येणारी लाईन मोठी झाली. पुढे लातूर-कुर्डुवाडी लाईनही मोठी झाली. रस्ते सुधारले, घरोघर फोन आले, मग खिशात आले. सुरतेची साडी आणि इचलकरंजी-मालेगावचे कापड काही दिवसांत दुकानात येऊ लागले. तरीही कित्येक व्यापारी बंधू अजून तीन महिन्यांचा माल भरतात. विचारले तर म्हणतात, अब्बांच्या वेळेपासून असेच चालत आले आहे. समजा, गरजेपेक्षा दहा लाखांचा माल जास्त पडून आहे आणि पैशाचा खर्च दरसाल शेकडा बारा आहे. म्हणजे वर्षाला एक लाख वीस हजार रुपये गेले. त्यात गोदामाचे भाडे, उंदीर, ओल आणि जुनी पडलेली डिझाईन धरलेली नाही. हे पैसे कोणी चोरून नेत नाही, म्हणून ते दिसत नाहीत. शेपटीतले इंजिनही आतून दिसत नसे.

पण म्हणून उद्याच गोदाम रिकामे करा, असे आम्ही म्हणणार नाही. विमान कंपन्यांनीही तिसरे इंजिन एका दिवसात काढले नाही. आधी नोंदी ठेवल्या, भरवसा कमावला, मग ६० चे १२० केले आणि १२० चे १८०. आपणही तसेच करावे. कोणत्या पेढीने किती वेळा माल वेळेवर दिला, किती वेळा उशीर केला, वाणात फरक किती वेळा पडला, याची साधी वही एक-दोन वर्षे ठेवावी. वही साक्ष देईल तेवढाच साठा उतरवावा. लातूरकडच्या गिऱ्हाइकाच्या हातात पैसा सोयाबीन बाजारात आल्यावर येतो. त्या हंगामाचा साठा ही आजही खरी गरज आहे. तो काढून टाकणे म्हणजे समुद्र ओलांडताना इंजिन बंद करण्यासारखे होईल. ज्या खर्चाचे कारण जिवंत आहे तो खर्च ठेवावा, ज्याचे कारण मेले आहे त्याला निरोप द्यावा.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. आधार मोजताना त्यांची संख्या मोजून थांबू नये, ते वेगवेगळे आहेत का हे पाहावे. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची भीती पसरली आणि लोक शहर सोडून पळाले. ऑगस्ट २००६ मध्ये तापीला पूर येऊन तेच शहर पाण्याखाली गेले. ज्याचे तीन पुरवठादार सुरतेच्या एकाच बाजारात बसलेले असतील, त्याचे तिन्ही आधार अशा वेळी एकदम जातात. त्यापेक्षा एक सुरतेचा आणि एक इचलकरंजीचा असे दोघे बरे. तेच उधारीचे. तीन मोठी गिऱ्हाईके एकाच कारखान्याच्या पगारावर जगणारी असतील, तर तो कारखाना बंद पडला की तिन्ही खाती एकदम बुडतात. आपल्या नांदेडने गिरण्यांचे भोंगे बंद होताना पाहिले आहेत. त्या मजुरांच्या जिवावर चालणाऱ्या दुकानांचे काय झाले, हे जुन्या लोकांना वेगळे सांगायला नको.

तिसरी गोष्ट गिऱ्हाइकीच्या मापाची. नांदेडचे विमानतळ २००८ मध्ये गुरुतागद्दीच्या त्रिशताब्दीनिमित्त नव्याने सजले. २७ एप्रिल २०१७ रोजी उडान योजनेत नांदेड-हैदराबाद सेवा सुरू झाली, तीही दोन पंख्यांच्या, सत्तरेक आसनांच्या छोट्या एटीआर विमानाने. ती कंपनी पुढे बंद पडली आणि २०२४ मध्ये स्टार एअर दोन इंजिनांचे छोटे जेट घेऊन आली. मोठे विमान आणून रिकाम्या खुर्च्या उडवण्यापेक्षा जेवढे प्रवासी तेवढे विमान, हाच टिकण्याचा रस्ता आहे. लॉकहीड आणि डग्लस यांनी हा विचार केला असता, तर दोघांपैकी एकाने तरी तो माल बनवलाच नसता. बाजारात शेजाऱ्याने जे दुकान थाटले तेच आपणही थाटण्याआधी, गिऱ्हाईक दोघांना पुरेल का, हे एकदा शांतपणे मोजावे.

वर्षाखेरीस वह्या मिळवताना व्यापारी बंधूंनी खर्चाची बाजू एकदा अशी वाचून पाहावी. प्रत्येक रकमेपुढे ती कोणत्या कारणासाठी सुरू झाली ते लिहावे आणि ते कारण आज आहे का, ते विचारावे. पुष्कळ रकमांचे कारण सापडेल. काहींचे सापडणार नाही. त्या रकमा पुढच्या वर्षीच्या वहीत चढवू नयेत.